सीबीएस विकर आणि 'होमोसिस्टीन' या शब्दाचा घोळ

सिस्टाथायोनिन बीटा-सिंथेज, म्हणजेच सीबीएस, या विकराची (एन्झाइमची) कहाणी लघवीपासून सुरू होते. १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये मतिमंद मुलांच्या लघवीत होमोसिस्टिन सापडले, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्येही त्याच सुमारास. आजाराला नाव पडले होमोसिस्टिन्युरिया. १९६४ मध्ये यकृताच्या तुकड्यात सीबीएसचे काम बंद असल्याचे दिसले. तोवर उंच, लांब बोटांची, डोळ्यातले भिंग सरकलेली ही मुले बहुधा मारफान सिंड्रोम या वेगळ्या आनुवंशिक विकाराची समजली जात.

गोंधळ नावातच आहे. होमोसिस्टेइन हे अमिनो आम्ल पुढे बदलून टाकणे हे सीबीएसचे काम; तो बंद पडला की साठते ते होमोसिस्टेइन. त्याचे दोन रेणू जुळले की होमोसिस्टिन. लघवीत जोडी दिसली म्हणून आजाराला नाव जोडीचे मिळाले, मूळ रेणूचे नाही. मराठीत तर दोन्ही सर्रास 'होमोसिस्टीन' असेच लिहिले जाते. शिवाय रक्तातले बहुतांश होमोसिस्टेइन प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडवून एकूण मोजमाप करण्याची सोय १९८०च्या दशकात आली. निरोगी माणसात ते लिटरला साधारण ५ ते १५ मायक्रोमोल असते, उपचार नसलेल्या सीबीएसच्या रुग्णात १००च्या वर.

मोजणे सोपे झाले आणि सौम्य वाढीचा प्रश्न पुढे आला. होमोसिस्टेइन रक्तवाहिन्या बिघडवते हा कयास १९६९चाच. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ब-जीवनसत्त्वांनी होमोसिस्टेइनची पातळी उतरली, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. त्यावरून होमोसिस्टेइन निरुपद्रवी ठरवणे मला घातक वाटते. सीबीएसच्या रुग्णांत पातळी खाली आणली की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका खरोखर घटतो.

उलट चूकही होते, होमोसिस्टेइन वाढले की सीबीएसचाच दोष समजण्याची. २००६च्याच पुण्यातल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक पुरुषांचे होमोसिस्टेइन वाढलेले निघाले. तिथे सीबीएसचा दोष नव्हता, मुख्य उणीव बी-१२ची होती. सीबीएसला लागते ते बी-६. १९६७ पासून माहीत आहे की काही रुग्णांत, पुढे दिसले की साधारण निम्म्यांत, बी-६च्या मोठ्या मात्रेने फरक पडतो.

आयर्लंडमध्ये १९७१ पासून नवजात बाळांची तपासणी होते. तिथे मोजले जाते ते मेथिओनिन, म्हणजे होमोसिस्टेइन ज्यापासून बनते ते अमिनो आम्ल, आणि बी-६ला दाद देणारी बाळे, ज्यांचे मेथिओनिन तेव्हा बहुधा फारसे वाढलेले नसते, नेमकी त्यातून निसटतात.