फुल फ्रेम की क्रॉप? जुन्या लेन्स हाताशी असताना डीएसएलआर निवडणे

फिल्मचा एसएलआर बाजूला ठेवून डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला घोळ मेगापिक्सेलचा नसतो, सेन्सरच्या, म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या आकाराचा असतो. दोन बॉड्या (लेन्सशिवायचे कॅमेरे) बाहेरून जवळपास सारख्या, दोन्ही २४ मेगापिक्सेलच्या, दोन्हींवर तीच जुनी लेन्स बसते. तरीही एकाच जागेवरून काढलेले फोटो वेगळे येतात. एकीतला सेन्सर ३६×२४ मिमी, म्हणजे नेमका ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा. ती फुल फ्रेम. दुसरीतला एपीएस-सी, बोलताना नुसता ‘क्रॉप’: निकॉन, पेंटॅक्स आणि सोनीचा साधारण २३.५×१५.६ मिमी, कॅननचा त्याहून किंचित लहान, २२.३×१४.९ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर फुल फ्रेम सुमारे अडीचपट भरतो.

क्रॉपवर लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा) बदलते, असं सर्रास सांगितलं जातं. ती बदलत नाही. ५० मिमीची लेन्स कुठेही ५० मिमीचीच राहते. लहान सेन्सर तिने पाडलेल्या प्रतिमेचा फक्त मधला भाग उचलतो. त्यामुळे दृश्याचा कोन अरुंद होतो आणि फिल्मवरच्या सवयीच्या भाषेत ती लेन्स १.५ पट (कॅननवर १.६ पट) लांब वाटते. फिल्मवाल्यांकडे बहुधा २८, ५० आणि १३५ मिमी हे त्रिकूट असतं. १.५ च्या क्रॉपवर ते अनुक्रमे ४२, ७५ आणि साधारण २०० मिमीसारखं वागतं. १३५ वाला खूश होतो, पक्षी टिपणारा तर फारच. पण २८ मिमीची वाइड लेन्स वाइड उरतच नाही. तोच कोन परत मिळवायला १८-१९ मिमीची लेन्स लागते. क्रॉप बॉडीबरोबर येणारी किट झूम लेन्स १८ पासून सुरू होते ती याचसाठी. तेव्हा कॅटलॉग उघडण्याआधी आपले जुने फोटो काढून बघावेत. त्यात खोल्यांचे, इमारतींचे, मोठ्या गटांचे फोटो जास्त असतील, तर क्रॉप घेताना एका वाइड लेन्सचा खर्च बॉडीच्या खर्चातच धरावा लागतो.

कोन अरुंद झाला की हाताची थरथरही जास्त दिसते. शटरचा वेग १/फोकल लेंग्थ सेकंदाच्या खाली नेऊ नये हा जुना ठोकताळा क्रॉपवर दीडपट कडक करावा: ५० मिमीला १/५० नव्हे, १/८०.

डेप्थ ऑफ फील्डबद्दल, म्हणजे फोकसच्या पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो याबद्दल, तर दोन उलट विधानं ऐकू येतात, आणि दोन्ही आपापल्या जागी खरी असतात. तुम्ही जागेवरून हललाच नाहीत, लेन्स आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं लेन्समधलं छिद्र) तेच ठेवलंत, तर क्रॉपचा फोटो त्याच आकाराच्या प्रिंटसाठी जास्त मोठा करावा लागतो, म्हणून त्यात डेप्थ थोडी कमी दिसते. पण प्रत्यक्षात असं कोणी करत नाही. चेहरा चौकटीत तेवढाच मावावा म्हणून क्रॉपवाला मागे सरकतो किंवा कमी फोकल लेंग्थची लेन्स लावतो, आणि मग डेप्थ वाढते. ढोबळ हिशेब असा (एफ/ पुढचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं): क्रॉपवर एफ/२.८ ला मिळणारी धूसर पार्श्वभूमी फुल फ्रेमवर एफ/४ च्या आसपास मिळते. एक्स्पोजरचा याच्याशी संबंध नाही. एफ/२.८ ला शटर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्हीकडे सारखेच लागतील. फरक नॉइझमध्ये (फोटोतल्या रवाळ दाण्यांमध्ये) दिसतो: साधारण एकाच काळातल्या दोन बॉड्या घेतल्या तर कमी उजेडात फुल फ्रेम एका स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याच्या टप्प्याच्या) थोडी पुढे असते. मात्र जुनी फुल फ्रेम आणि नवी क्रॉप यांची तुलना करताना हा नियम गृहीत धरू नये. २००५ च्या कॅनन ५डीला दहा वर्षांनंतरच्या क्रॉप बॉडीने आयएसओमध्ये गाठणं यात नवल काहीच नाही.

जुन्या काचेवर दोघांची मागणी वेगवेगळी असते. फुल फ्रेम लेन्सचे कोपरे उघडे पाडते: फिल्मवर न खुपलेला कोपऱ्यातला काळोख आणि मऊपणा फोटो स्क्रीनवर १०० टक्के आकारात बघताना डोळ्यांत भरतो. क्रॉप कोपरे वापरतच नाही. पण २४ मेगापिक्सेल लहान जागेत कोंबल्यामुळे पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचे होतात (फुल फ्रेमवर सुमारे ६), आणि लेन्सच्या मध्याकडून तो जास्त बारकावा मागतो. साधा जुना झूम इथे उघडा पडतो. जुनी ५० मिमी प्राइम (झूम नसलेली लेन्स) एफ/४ ते एफ/८ दरम्यान दोन्हीकडे तरून जाते.

व्ह्यूफाइंडरचा आकडा तर सरळ फसवणारा. निकॉन डी७२०० ला मॅग्निफिकेशन ०.९४ आणि डी७५० ला ०.७०, म्हणून पहिल्याचा व्ह्यूफाइंडर मोठा असं वाटतं. हा आकडा दोन्हीकडे ५० मिमी लेन्स लावून मोजलेला असतो. क्रॉपचा आकडा १.५ ने भागा: ०.६३. म्हणजे डी७५० चा मोठा. स्वस्त क्रॉप बॉडीत पेंटाप्रिझमऐवजी (काचेच्या लोलकाऐवजी) आरशांचा पेंटामिरर असतो, तो आणखी लहान आणि अंधारा. मॅन्युअल फोकसच्या लेन्स वापरणार असाल तर हीच गोष्ट रोज नडते, कारण फोकस जुळेपर्यंत प्रतिमा दुभंगलेली दाखवणारा, स्प्लिट इमेजचा स्क्रीन डीएसएलआरमध्ये नसतो आणि हल्लीचे स्क्रीन साधारण एफ/२.८ पेक्षा उथळ डेप्थ दाखवतच नाहीत. एफ/१.४ ला व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प दिसलेला डोळा फोटोत भुवईवर फोकस झालेला निघतो. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं थेट दृश्य) लावून, प्रतिमा १० पट मोठी करून फोकस करणं हाच खात्रीचा मार्ग.

इतकं ठरवूनही माउंट (लेन्स बॉडीला जोडणारी कडी) सगळा बेत उधळू शकतो. ‘लेन्स बसते’ आणि ‘लेन्स चालते’ यांत मोठं अंतर आहे, आणि त्याचे नियम कंपनीगणिक वेगळे.

निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, म्हणून तिथे गाफील राहणं सोपं. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या क्रॉप बॉड्यांत फोकसची मोटर नाही. स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी ऑटोफोकस लेन्स बसेल, पण फोकस हाताने करावा लागेल. डी७००० मालिका, डी५०० आणि फुल फ्रेम बॉड्यांत मोटर आहे. एआय प्रकारच्या (१९७७ पासूनच्या) मॅन्युअल लेन्सवर उजेड मोजणारा मीटर डी७२०० मध्ये चालतो, डी७५०० मध्ये चालत नाही. नवं मॉडेल म्हणून तेच उचललं तर मीटर हातचा जातो. १९७७ च्या आधीच्या, एआयमध्ये न बदललेल्या लेन्स बहुतेक वरच्या श्रेणीतल्या बॉड्यांवर जोर करून बसवू नयेत, माउंटजवळची छोटी कळ मोडते. डीएक्स म्हणजे क्रॉपसाठीची लेन्स फुल फ्रेमवर बसते, पण बॉडी आपणच मधला भाग कापते आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात.

कॅननमध्ये रेघ १९८७ ला ओढलेली आहे. त्यानंतरच्या ईएफ लेन्स दोन्ही प्रकारच्या बॉड्यांवर ऑटोफोकससकट चालतात. त्याआधीच्या एफडी लेन्स काच नसलेल्या अडॅप्टरने अनंतावर, म्हणजे खूप दूरच्या वस्तूंवर, फोकस होत नाहीत, त्यांच्यासाठी कॅनन डीएसएलआर घेण्यात अर्थ नाही. क्रॉपसाठीच्या ईएफ-एस लेन्स (पांढरा चौकोन असलेल्या) फुल फ्रेमवर बसतच नाहीत. ‘आता क्रॉप, पुढे फुल फ्रेम’ असा बेत असेल तर त्या घेताना विचार करावा. एम४२ स्क्रूच्या (आटे फिरवून बसणाऱ्या जुन्या) लेन्स साध्या रिंगने कॅननवर छान चालतात, फक्त फुल फ्रेमचा मोठा आरसा काही लेन्सच्या मागच्या भागाला आपटतो. क्रॉपचा आरसा लहान, त्याला ही भीती कमी. निकॉनवर मात्र एम४२ साध्या रिंगने अनंत गाठत नाही.

पेंटॅक्सच्या के माउंटवाल्यांची सोय सगळ्यांत चांगली. १९७५ पासूनच्या लेन्स बसतात आणि शेक रिडक्शन (हाताची थरथर सावरणारी सोय) बॉडीतच असल्यामुळे फोकल लेंग्थ मेन्यूत भरली की जुन्या मॅन्युअल लेन्सलाही ते मिळतं. फुल फ्रेम हवी असेल तर २०१६ ची के-१ आणि तिची सुधारित आवृत्ती, एवढीच निवड.

जुना फ्लॅश मात्र सवयीने नव्या बॉडीच्या हॉट शूवर (वरच्या फ्लॅशच्या खाचेवर) सरकवू नये. काही जुन्या फ्लॅशचा ट्रिगर व्होल्टेज शंभराच्या वर असतो आणि तो बॉडीचं सर्किट जाळू शकतो. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मधला संपर्क आणि कडेचा धातू यांमधला डीसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा आणि बॉडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघावा.

वाइड लेन्स जपायच्या असतील, मॅन्युअल फोकस करायचा असेल, तर वापरलेली फुल फ्रेम नव्या स्वस्त क्रॉपपेक्षा सरस ठरते. दूरचं टिपायचं असेल, वजन नको असेल किंवा जुन्या लेन्समध्ये राखण्यासारखं काही नसेल, तर क्रॉप. वापरलेली घेताना एफ/१६ ला कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघावेत आणि शटर किती वेळा चाललंय ते विचारावं. निकॉनच्या फाइलमध्ये तो आकडा नोंदलेला असतो, कॅननचा बहुधा वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. कॅनन ६डीचं शटर १,००,००० उघडझापांसाठी, डी७२०० चं १,५०,००० साठी तपासलेलं आहे. निम्म्याच्या आत असेल तर पुढचा सौदा बोलावा.