नाव सापडतं, पण ते लिहिलं कोणी? मध्ययुगीन आफ्रिकी आणि रोमा बायकांच्या नावांची पार्श्वभूमी

१९६६ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम' ही जुना काळ हौसेने जगून बघणाऱ्यांची संस्था सुरू झाली, तिथे सतराव्या शतकाआधीचं कुणीतरी बनायचं आणि नाव नोंदवायचं तर ते त्या काळी खरंच होतं याचा पुरावा द्यायचा असतो. इंग्लंड-फ्रान्सच्या नावांसाठी चर्चची नि कराची दप्तरं ढिगाने आहेत. आफ्रिकी किंवा रोमा (म्हणजे जिप्सी) बाईचं नाव हवं असेल तर खरी पंचाईत, कारण नाव मिळालं तरी ते बहुतेक वेळा नवऱ्याच्या, मालकाच्या नाहीतर पाद्र्याच्या कागदातून आलेलं असतं.

मालीचंच बघा. १३५२-५३ मध्ये इब्न बतूता तिथे होता, तेव्हा तिथला सुलतान मन्सा सुलेमानने पट्टराणीला कैदेत टाकून बंजू नावाच्या दुसऱ्या बायकोला तिच्या जागी बसवलं. सुलतानाच्या चुलत बहिणी बंजूचं अभिनंदन करायला गेल्या खऱ्या, पण हाताला राख फासून गेल्या, मान देताना घ्यायची ती डोक्यावरची माती घेतली नाही, आणि पट्टराणी सुटून आल्यावर मात्र रीतसर माती घेऊन तिच्याकडे गेल्या. आता या पट्टराणीचं नाव 'कासा' म्हणून यादीत टाकतात, पण बतूता स्वतःच सांगतो की तिकडे कासा म्हणजे राणी! म्हणजे तो किताब झाला. बंजू हे मात्र नाव म्हणून चालण्यासारखं.

इथिओपियात काम जरा सोपं, तिथे चर्चमुळे लिखाण आहे. हादियाच्या मुस्लिम राजघराण्यातून आलेली राणी एलेनी आहे, आणि वलत्ता पेत्रोस आहे, जन्म १५९२, तिच्या नावाचा अर्थच 'पेत्रोसची लेक', पण हा पेत्रोस तिचा बाप नाही तर संत पीटर. ही घडण ज्याला कळली त्याला खूप नावं नीट वाचता येतात. काँगोच्या राणीचं नाव १४९१ मध्ये बाप्तिस्म्याला लिओनोर झालं, तेही अस्सलच धरायला हवं, पोर्तुगीज असलं म्हणून काय झालं.

रोमा लोक पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात आले तेव्हा स्वतःला 'छोट्या इजिप्तचे' म्हणवत, त्यावरूनच जिप्सी शब्द आला आणि आफ्रिकेशी गल्लत सुरू झाली. भाषा मात्र आपल्याच कुळातली, नावाला 'नाव', नाकाला 'नाख', कानाला 'कान'! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच हरखून गेले होते, पण म्हणून त्या काळच्या रोमा बाईला संस्कृत किंवा हिंदी नाव चिकटवणं चूक आहे, कारण कागदावर तसं दिसत नाही. एस्मेराल्डाही नको, ते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबरीने लोकांच्या डोक्यात बसवलंय.

कागदावर काय दिसतं? १४७० मध्ये स्पेनमधल्या आंदुहारला काउंट हाकोबो आपल्या माणसांसोबत येतो, सोबत बायको, तिचं नाव लोइसा. साधं स्पॅनिश ख्रिस्ती नाव. रोमांमध्ये बाहेरच्यांसाठी एक नाव आणि आपल्या माणसांत दुसरं अशी पद्धत पुढच्या काळात चांगली नोंदलेली आहे, त्यामुळे लोइसाला तंबूत कदाचित वेगळीच हाक मारत असतील. पण ती कल्पनेने बनवण्यापेक्षा पंधराव्या शतकातली रोमा बाई व्हायचं असेल तर मी सरळ लोइसाच घ्या म्हणेन.