यकृतातली साधी सिस्ट आणि हायडॅटिड सिस्ट: गल्लत पहिल्याच अवस्थेत होते

सोनोग्राफी करणाऱ्याला यकृतातली साधी सिस्ट, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, समजावून सांगण्याची गरज नाही. आत निव्वळ काळा द्रव, नितळ कड आणि मागे उजळलेला पट्टा दिसतो, आणि त्रास नसेल तर तिला हातही लावायचा नसतो. हायडॅटिड सिस्ट ही कुत्र्याच्या आतड्यातल्या एकायनोकोकस या टेपवर्मची (पट्टकृमीची) अळी माणसाच्या यकृतात रुजल्याने तयार होते. तिच्या आत छोट्या पिल्लू सिस्टचे जाळे दिसले किंवा सुटलेला पडदा तरंगताना दिसला, तर शिकाऊ डॉक्टरही चुकत नाही. चूक होते ती सीई-१ (सीई म्हणजे सिस्टिक एकायनोकोकोसिस, या आजाराचे नाव) या पहिल्या अवस्थेत, कारण तेव्हा हायडॅटिडही एकच गोल, काळी, निरागस पिशवी असते.

इथे निर्णय भिंतीवर होतो, आणि 'भिंत जाड वाटते' एवढे म्हणून भागत नाही. द्रवातून पार जाताना ध्वनिलहरी फारशा क्षीण होत नाहीत, त्यामुळे कोणत्याही साध्या सिस्टची मागची कड उजळ दिसते. केवळ त्या उजळपणाला भिंत समजून हायडॅटिडचा शिक्का मारलेले रिपोर्ट मी सतत पाहतो आणि त्याची मला खरोखर चीड येते. हायडॅटिडची खूण म्हणून शोधायच्या असतात त्या दोन समांतर पांढऱ्या रेषा आणि त्यांच्यामधली बारीक काळी फट. लहरी जिथे काटकोनात आदळतात तिथेच ही दुहेरी रेषा स्पष्ट उमटते. बाजूच्या कडांवर ती हरवते आणि प्रोबजवळच्या (पोटावर टेकवायच्या यंत्राजवळच्या) कडेवर प्रतिध्वनींच्या धुरळ्यात झाकली जाते. म्हणून गेन (चित्राचा उजळपणा) कमी करावा, फोकस मागच्या भिंतीवर आणावा, प्रोब थोडा कलता करून वेगवेगळ्या फासळ्यांमधून पाहावे, आणि सिस्ट त्वचेपासून फार खोल नसेल तर जास्त फ्रीक्वेन्सीचा लिनिअर प्रोब लावावा.

दुसरी खूण हायडॅटिड वाळूची, म्हणजे सिस्टच्या द्रवातल्या कृमीच्या बारीक कणांची. ती पाहण्यासाठी मात्र गेन वाढवावा लागतो, नाहीतर बारीक कण काळोखात बुडून जातात. रुग्णाला कुशीवर वळवले की तळाशी बसलेले कण उठून द्रवातून हळूहळू खाली उतरतात. जुन्या रक्तस्रावामुळे साध्या सिस्टमध्येही गाळ दिसू शकतो, तेव्हा वाळू दिसली तरी दुहेरी रेषा शोधणे सुटत नाही. रुग्णाला न वळवता लिहिलेला रिपोर्ट मी अपुरा समजतो.

शंका आली की लगेच सीटी स्कॅनला पाठवण्याची सवय मला पटत नाही. सीटीवर सिस्टमध्ये साचलेला चुना (कॅल्शियम) उत्तम दिसतो. दुहेरी रेषा आणि पातळ पडदे मात्र बहुधा हरवतात. पुढची तपासणी हवीच असेल तर एमआरआयच्या टी-२ (द्रव उजळ दाखवणाऱ्या) चित्रांना माझी पसंती आहे. चुना दिसला म्हणजे कृमी मेला, असेही धरून चालू नये. रक्ताची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह आल्याने तर हायडॅटिड मुळीच बाद होत नाही, कारण न फुटलेल्या सीई-१ मध्ये ती अनेकदा निगेटिव्हच येते.

गोव्यात काम करणाऱ्यांनी एक प्रश्न न चुकता विचारावा: बालपण कुठे गेले? मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासात लहानपणी लागण झाली तरी ही सिस्ट वर्षानुवर्षे मुकाट वाढते. कळंगुटच्या दुकानात काम करणारा काश्मिरी तरुण किंवा घाटमाथ्यावर मेंढरांमागे लहानाचा मोठा झालेला फोंड्यातला कामगार समोर असेल, तर 'साधी सिस्ट' लिहिण्याआधी भिंत पुन्हा पाहावी.

खूण सापडलीच नाही, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात त्यासाठी सीएल (सिस्टिक लीजन) हा वेगळा वर्ग आहे. तो वापरावा, सिस्टचा उगम निश्चित झालेला नाही असे स्पष्ट लिहावे आणि पुढची तपासणी सुचवावी. 'हायडॅटिड नाकारता येत नाही' हे वाक्य प्रत्येक सिस्टखाली चिकटवल्याने कोणालाच मदत होत नाही. पण खरी हायडॅटिड ओळखायची राहिली आणि निष्काळजीपणे सुई घालून द्रव पोटात सांडला, तर तीव्र अॅलर्जीचा झटका येऊ शकतो किंवा नव्या सिस्ट रुजू शकतात. सीई-१ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सहसा अल्बेंडाझोल या कृमिनाशक औषधावर भागते. मोठी असेल तर त्याच औषधाच्या संरक्षणाखाली, तयारीनिशी सुईने द्रव काढून कृमिनाशक द्रावण सोडले जाते. म्हणून रिपोर्टमध्ये मोठ्यात मोठा व्यास, अवस्था, दुहेरी रेषा कोणत्या भिंतीवर दिसली आणि रुग्णाला वळवून पाहिले की नाही, हे चारही स्वतंत्रपणे नोंदवावे.