आकड्यातून उमटणारं चित्र

‘ब्लॉकचेनवरची चित्रं म्हणजे एआयनं काढलेलीच ना?’ नाशिकला कॉलेज रोडवर मुलांशी गप्पा मारताना हा प्रश्न हमखास येतो. (ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपलेली सामाईक नोंदवही.) नाही. जर्मनीत श्टुटगार्टला १९६५ साली गेओर्ग नेसच्या संगणकीय चित्रांचं प्रदर्शन भरलं, तेव्हाही त्यामागे माणसानंच लिहिलेले नियम होते. २०२० साली सुरू झालेल्या ‘आर्ट ब्लॉक्स’ या अशा चित्रांच्या संकेतस्थळावरही तेच आहे. चित्रकार प्रोग्राम लिहितो आणि तो इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर कायमचा साठवला जातो. चित्र मात्र तिथे नसतंच, ते प्रोग्राम चालवल्यावर उमटतं!

खरी गंमत पुढे आहे. चित्र पहिल्यांदा विकत घेतलं जातं त्या क्षणी एक हॅश, म्हणजे माहितीवरून ठरावीक सूत्रानं काढलेला सांकेतिक आकडा, तयार होतो: ० ते ९ आणि ए ते एफ यांतून आलेली ६४ चिन्हं. शक्यता किती, तर ७८ अंकी संख्येइतक्या. हॅश काढताना आत जाणाऱ्या माहितीतलं एक अक्षर बदललं, तरी बाहेर येणारे जवळजवळ निम्मे बिट (०-१ चे अंक) उलटतात. म्हणून आधी अंदाज बांधणं अशक्य. हा हॅश प्रोग्रामला ‘बीज’ म्हणून दिला जातो. त्यातून यादृच्छिक वाटणाऱ्या संख्यांची रांग निघते. बीज तेच, तर रांगही तीच.

चित्रकार टायलर हॉब्सच्या ‘फिडेन्झा’ या आर्ट ब्लॉक्सवरच्या चित्रमालिकेत (२०२१) कॅनव्हासच्या प्रत्येक बिंदूला एक कोन दिलेला असतो. रेषा त्या कोनांच्या मागे वाहत जाते, दुसरीला धडकणार असं दिसलं की बहुधा थांबते. रेषांची जाडी, रंग, प्रवाहातली खळबळ हे सगळं त्या रांगेतून ठरतं. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या नोटांवर नंबर बदलतो, नक्षी तीच राहते. इथे नंबरच नक्षी ठरवतो.

काही जण इथेही ‘लकी’ आकडे शोधतात. हॅशला शुभ-अशुभ कळत नाही, अंकज्योतिषाचा इथे काडीचाही संबंध नाही. ‘घेऊन ठेवा, दुप्पट होईल’ म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. भाव कोसळतात, आणि नफा झालाच तर आपल्याकडे २०२२पासून त्यावर ३० टक्के कर आहे.

संग्रह करायचा तर आधी नियमांची झेप पाहावी. फिडेन्झाची सगळी ९९९ चित्रं इंटरनेटवर फुकट बघता येतात. दहा-बारा शेजारी-शेजारी ठेवा आणि काय बदलतं, काय अजिबात बदलत नाही ते शोधा. जे बदलत नाही, ते हॉब्सनं स्वतः लिहिलेलं आहे.