इमारतींवरील हरितावरण

शहरातील उष्णता कमी करण्यासाठी इमारतींच्या छपरांवर आणि भिंतींवर वनस्पती वाढवण्याची पद्धत. गच्चीवर मातीसारखे माध्यम पसरून केलेल्या लागवडीला हरित छप्पर, तर भिंतीवर चढवलेल्या किंवा तिच्यावरच रुजवलेल्या लागवडीला हरित भिंत म्हणतात.

काँक्रीट, विटा आणि डांबर दिवसभर ऊन शोषतात आणि रात्री ती उष्णता सावकाश बाहेर सोडतात. वाहने व वातानुकूलन यंत्रे तिच्यात भर घालतात. त्यामुळे शहर भोवतालच्या मोकळ्या प्रदेशापेक्षा गरम राहते, आणि हा फरक रात्री अधिक जाणवतो. यालाच नागरी उष्णद्वीप म्हणतात. लंडनमधील असा फरक हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १९व्या शतकाच्या आरंभीच नोंदवला होता.

वनस्पती दोन प्रकारे गारवा देतात. पाने ऊन अडवतात, त्यामुळे स्लॅब तापत नाही. दुसरे कारण बाष्पोच्छ्वासाचे, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४५ मेगाजूल उष्णता खर्च होते. एक किलोवॉटचा हीटर तेवढी उष्णता द्यायला जवळजवळ ४० मिनिटे घेतो. म्हणजे वनस्पती गारवा देते ती पाणी खर्चून. माती सुकली की पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मिटतात आणि उरतो तो सावलीचा व मातीच्या थराचा आडोसा. हिरव्या छपराची चर्चा करताना पाण्याचा हिशेब सर्वांत आधी मांडायला हवा. प्रत्यक्षात तो बहुधा शेवटी येतो.

वनस्पतींची निवडही इथेच अडते. मातीचा थर पातळ असलेल्या छपरांवर सर्रास लावली जाणारी सीडम ही मांसल पानांची वनस्पती आहे. कोरड्या काळात ती पर्णरंध्रे दिवसा मिटून रात्री उघडते, म्हणून अगदी थोड्या मातीत तग धरते. पण त्याच गुणामुळे ऐन दुपारी ती फारसे पाणी सोडत नाही, आणि गारवाही कमी देते. गवते आणि रुंद पानांच्या वनस्पती अधिक थंडावा देतात, मात्र त्यांना खोल माती आणि नियमित पाणी लागते.

छपराची रचना थरांची असते: स्लॅबवर जलरोधक थर, मुळे रोखणारा पडदा, निचऱ्याचा थर, गाळणीचे कापड आणि वर वाढीचे माध्यम. बागेतली साधी माती जड असते आणि दबून घट्ट होते. म्हणून विटांचा चुरा, प्युमिस (ज्वालामुखीतून निघालेला हलका, सच्छिद्र दगड) किंवा भाजून फुगवलेली माती वापरतात. माध्यमाचा थर सुमारे १५ सेंमी.पेक्षा पातळ असलेल्या छपराचे भिजलेले वजन दर चौरस मीटरला साधारण ६० ते १५० किग्रॅ. असते. झुडपे-झाडे पेलणाऱ्या खोल छपराचे वजन याच्या कितीतरी पट होऊ शकते. जुन्या इमारतीत काय लावायचे हे आवडीवर नव्हे, स्लॅबच्या ताकदीवर ठरते. हिशेब नेहमी भिजलेल्या वजनाचा करावा.

हरित भिंतींमध्ये सर्वांत साधा प्रकार जमिनीत रुजलेल्या वेलींचा. त्यांना पंप लागत नाही आणि खर्च थोडा येतो. तारा किंवा जाळी बसवून वेली भिंतीपासून दूर ठेवता येतात. दुपारनंतरचे तिरके ऊन झेलणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर त्यांचा उपयोग मोठा आहे. या साध्या उपायाकडे फार दुर्लक्ष झाले आहे. भिंतीवर उभ्या चौकटींत झाडे लावण्याच्या रचनेचे पेटंट अमेरिकेतील भूदृश्यरचनेचे प्राध्यापक स्टॅन्ली हार्ट व्हाइट यांना १९३८ मध्ये मिळाले. पुढे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लाँ यांनी मातीविना, नमद्यासारख्या कापडावर वाढणाऱ्या भिंती लोकप्रिय केल्या. त्या देखण्या असतात, पण पाणी सतत लागते. उन्हाळ्यात पंप बंद पडला की त्या झपाट्याने वाळतात.

अमेरिकेतील शिकागोच्या नगरभवनाच्या छपरावर २००१ च्या सुमारास लागवड पूर्ण झाली. त्याच वास्तूचा दुसरा अर्धा भाग काळ्या डांबरी छपराचा राहिला, त्यामुळे तुलना सहज करता आली. उन्हाळी दुपारी दोन्ही पृष्ठभागांत ४०° से.च्या आसपास फरक आढळला. असे आकडे वाचताना एक भेद मात्र सुटू देऊ नये: हे पृष्ठभागाचे तापमान आहे, हवेचे नव्हे. हवेतला फरक खूपच लहान असतो. शहरभर छपरे हिरवी झाली तरी तो जेमतेम दोन-तीन अंशांपर्यंत जातो. शिवाय उंच इमारतीच्या माथ्यावरचा गारवा रस्त्यावरून चालणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना तो नक्की मिळतो आणि विजेचा खर्चही घटतो. पादचाऱ्यांसाठी रस्त्याकडेची झाडे आणि खालच्या मजल्यांवरील वेलीच जास्त कामाच्या. छपराच्या लागवडीचे निमित्त सांगून रस्त्यावरची झाडे तोडली, तर शहराचा तोटाच होतो.

जर्मनीत या तंत्राची मार्गदर्शक तत्त्वे १९८० च्या दशकात तयार झाली. स्वित्झर्लंडमधील बासेल शहराने नव्या सपाट छपरांवर लागवड सक्तीची केली. कॅनडातील टोराँटोने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींसाठी तसा नियम केला. इटलीतील मिलान येथील ‘बॉस्को व्हर्टिकाले’ (२०१४) या जोड-मनोऱ्यांच्या सज्ज्यांवर शेकडो झाडे आहेत; त्यांची छाटणी दोरांवर लोंबकळणारे माळी करतात.

पाण्याची टंचाई असेल तिथे छपराला पांढरा परावर्तक रंग देणे स्वस्त आणि तितकेच परिणामकारक ठरू शकते. सौर पॅनेल आणि लागवड मात्र एकमेकांच्या आड येत नाहीत. पॅनेल तापले की त्यांची वीजनिर्मिती घटते. खाली झाडे असली तर पॅनेल थोडी थंड राहतात, आणि पॅनेलच्या सावलीत मातीतला ओलावा अधिक टिकतो.