पांढऱ्या बुटावरचे तीन पिवळे

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की वखारीपुढचा रस्ता, हमालांचे सदरे, उभ्या ट्रकांचे टायर, सगळ्यांवर पिवळी झाक चढते. अशा गावात कॉलेजच्या पोरांना क्रीम, ऑफव्हाइट, फिकट राखाडी अशा रंगांच्या बास्केटबॉल बुटांचं वेड लागावं, याची गंमत वाटते. वेडाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'बूट पिवळे पडले? हे लावा!' छाप व्हिडिओंना. कुणी टूथपेस्ट सांगतो, कुणी खायचा सोडा, कुणी थेट ब्लीच. जणू पिवळेपणा हा एकच रोग आणि त्याला एकच औषध. बुटावर निदान तीन वेगवेगळे पिवळे चढतात आणि एकाचा उतारा दुसऱ्याला बाधतो.

आधी मुळातला प्रश्न. जुना कागद पिवळा पडतो, जुनं प्लास्टिक, जुनं रबर पिवळं पडतं; निळं किंवा हिरवं का पडत नाही? उत्तर दुहेरी बंधांत आहे. कार्बनच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध आले की त्यातले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले राहत नाहीत, साखळीभर पसरतात. साखळी जितकी लांब, तितकी त्यांना वरच्या पातळीवर उडी मारायला कमी ऊर्जा पुरते. आखूड साखळीला अतिनील किरणं लागतात. ती आपल्याला दिसतच नाहीत, म्हणून पदार्थ बिनरंगी वाटतो. साखळी थोडी लांबली की ती जांभळा-निळा प्रकाश शोषू लागते आणि उरलेला प्रकाश डोळ्याला पिवळा दिसतो. आणखी लांबली की नारिंगी: गाजरातल्या बीटा-कॅरोटिनमध्ये असे 11 दुहेरी बंध ओळीने असतात. म्हणजे बिनरंगी पदार्थ रंगीत होऊ लागला की वाटेत पहिलं स्टेशन पिवळं. मला हे कळलं तेव्हापासून पिवळ्या पडलेल्या कुठल्याही वस्तूकडे मी जरा आदराने बघतो.

पहिला पिवळा आपल्या घरचा: हळदीतलं कुरकुमिन. दोन टोकांना दोन षट्कोनी कडी, मध्ये एकाआड एक बंधांचा पूल. शोषण साधारण 425 नॅनोमीटरला, म्हणजे निळ्या-जांभळ्यात. वडापाव खाताना कॅनव्हासच्या टोकावर पडलेल्या डागावर साबण चोळून बघा. फेस लागताच डाग लालभडक होतो आणि बूट वाया गेला असं वाटून घाम फुटतो. काही वाया गेलेलं नसतं. साबण अल्कधर्मी, त्यात कुरकुमिनच्या टोकाचा प्रोटॉन निघून जातो आणि शोषण पुढे सरकतं, इतकंच. लिंबू पिळा, परत पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच रसायनावर, आणि हळद लावलेल्या कापडातून 'रक्त' काढणारे बाबाही याच्यावरच पोट भरतात. असले चमत्कार जाहीर करून दाखवणाऱ्या चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळचे साताऱ्याचे, शिकले सांगली-मिरजेत. तरी आपल्याकडे बाबांचा धंदा मंदावलेला नाही.

हळदीच्या डागावर खरं औषध म्हणजे ऊन. प्रकाशाने तो मधला पूलच तुटतो. तुकड्यांत व्हॅनिलिन निघतं, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारं तेच. तुकडे आखूड, म्हणून बिनरंगी. धुऊन उरलेला डाग सांगलीच्या उन्हात चांगलाच फिका पडतो.

दुसरा पिवळा जास्त लबाड. बूट खोक्यात, न घातलेला, तरी वरचं कापड पिवळसर! दोष बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पिशवीचा. पॉलिथिन टिकावं म्हणून त्यात बीएचटी नावाचं फिनॉल घालतात. ते हळूहळू उडून कापडात शिरतं. हवेत वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड असतातच. त्यांच्या संगतीने बीएचटीचे दोन रेणू जुळून स्टिल्बिनक्विनोन होतो, म्हणजे पुन्हा एकाआड एक बंधांची लांब साखळी. काही रेणूंना नायट्रो गट चिकटतो. हा नायट्रोफिनॉल आम्लात बिनरंगी आणि अल्कलीत पिवळा, कारण प्रोटॉन गेला की ऑक्सिजनवरचा ऋणभार कड्यातून थेट नायट्रो गटापर्यंत पसरतो. (इथे कुणाला बारावीची आठवण येऊन पोटात गोळा आला असेल तर त्याने पुढच्या परिच्छेदावर जावं.) म्हणून धुतल्यावर कापडात साबण उरला की बूट वाळताना आणखी पिवळा होतो आणि 'साबणच खराब' अशी समजूत होते. पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व टाकून शेवटचं खळबळणं करा, फरक दिसेल. ब्लीच मात्र नको. क्लोरीनमुळे बुटातलं पॉलियुरेथेन नावाचं प्लास्टिक आणि लवचीक धागे स्वतःच पिवळे पडतात.

तिसरा पिवळा तळव्याचा. पारदर्शक किंवा दुधी तळव्यातल्या पॉलियुरेथेनमध्ये बेंझिनसारखी कडी असतील तर अतिनील किरणांनी त्यांचं क्विनोनसारख्या पिवळ्या रूपात रूपांतर होतं. म्हणजे हळदीला जे ऊन औषध, तेच इथे रोग. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती चालते, पण प्लास्टिक तेच राहतं. पिवळा परत येतो. तेव्हा हळदीचा डाग उन्हात घालायचा तर तळव्याला जाड कापड गुंडाळून.

आता निवड. एके काळी अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये बूट बहुतांश पांढरा असावा असा दंडक होता; रंगाची बंधनं 2018-19च्या मोसमात पूर्ण उठली. 1985 साली लाल-काळ्या बुटांवरून खेळाडू मायकेल जॉर्डन आणि लीगची जी कुरबुर झाली तिची नायकी कंपनीने केलेली जाहिरात आजही बूट विकते. आपल्याला त्यातून घेण्यासारखं काही नाही. आपल्याकडचे बरेच कोर्ट उघड्यावरचे, सिमेंटचे. तिथे खेळणार असाल तर रंगाआधी तळव्याचं रबर जाड आणि कडक आहे का बघा. गम सोल, म्हणजे तपकिरी रबराचा तळवा, पिवळेपणा मुळातच लपवतो.

शुभ्र बुटापेक्षा क्रीम बरा, हे माझं मत. शुभ्रता पुष्कळदा उजळकांची असते: ही द्रव्यं अतिनील शोषून निळा प्रकाश सोडतात. उन्हात ती झिजतात आणि खालचा खरा रंग उघडा पडतो. उलट क्रीम कॅनव्हास कपड्यांच्या पावडरीने धुतला तर पावडरीतलं तेच उजळक त्यावर बसतं आणि बूट ठिपक्याठिपक्याने निळसर होतो. उजळक नसलेला साधा सौम्य साबण घ्या. आणि क्रीम बुटावर झक्क पांढरे मोजे घालू नका, बूट मळका दिसतो. गडद जीन्सखाली तोच बूट पांढरा वाटतो. शेजारच्या रंगावरून डोळा रंग ठरवतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रलने 1839 मध्येच मांडून ठेवलंय.

काळ्या मातीचा चिखल ओला असताना पुसू नका. तिचे चिकणमातीचे कण अतिबारीक, ओलेपणी विणीत घुसतात. पूर्ण वाळू द्या, मग ब्रशने झाडा.

राहिला शनिवारचा नियम, त्या दिवशी पायताण घेऊ नये म्हणतात. बुटाचा घात करतो तो वार नव्हे, दमटपणा. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनचा मधला थर असेल तर ओलावा त्यातले एस्टर बंध एकेक करून तोडतो आणि बंध तुटून तयार झालेलं आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगाने करतं. म्हणून जपून ठेवलेले महागडे बूट काही वर्षांनी पायात घालताच भुगा होतात. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात खोकं कपाटाच्या तळाशी, भिंतीला लागून ठेवू नका. प्लास्टिकची पिशवी काढा, सिलिका जेलची पुडी टाका आणि अधूनमधून बूट घालून फिरून या.