पॅरिश रजिस्टर आणि बिशपची नक्कल: नोंद एक, कागद दोन

इंग्लंडच्या खेड्यातला एखादा पूर्वज ऑनलाइन सापडला की नाव, बापाचं नाव आणि बाप्तिस्म्याची तारीख टिपून लोक मागच्या पिढीकडे वळतात. ती नोंद कुठल्या कागदावरून आली, हे बघायचं राहून जातं. ती गावच्या चर्चमधल्या पॅरिश रजिस्टरातली असू शकते, नाहीतर त्यावरून बिशपकडे पाठवलेल्या नकलेतली, म्हणजे ‘बिशप्स ट्रान्सक्रिप्ट’मधली. शोधयादीत दोन्ही सारख्याच दिसतात. शाळेचं जनरल रजिस्टर आणि त्यावरून लिहिलेला दाखला, तसं हे नातं.

रजिस्टर आधीचं. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवावीत. नकलेचा नियम १५९८ चा: वर्षभराच्या नोंदी ईस्टरनंतर महिनाभरात बिशपच्या कचेरीत पोचवायच्या. त्याच सुमारास आणखी एक फर्मान निघालं. जुन्या कागदी वह्या चर्मपत्रावर उतरवून घ्या, निदान एलिझाबेथ गादीवर आली त्या १५५८ पासूनच्या तरी. पुष्कळ गावांची रजिस्टरं नेमकी १५५८ पासून सुरू होतात ती यामुळे. स्ट्रॅटफर्डच्या रजिस्टरात २६ एप्रिल १५६४ ला शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, पण १६०० पर्यंतची ती पानं एकाच हातची, मागाहून उतरवलेली आहेत. तेव्हा रजिस्टर म्हणजे अस्सल आणि नक्कल म्हणजे दुय्यम, असं सरसकट म्हणता येत नाही.

तरी दोन्हींत विसंगती आली तर मी आधी रजिस्टर धरतो. नक्कल करणारा वर्षाचं काम एका बैठकीत उरकायचा. मग बापाचा धंदा गळतो, पॅरिशमधल्या वाडीचं नाव गळतं, ॲनची हॅना होते, एखादी ओळच सुटते. उलटही घडतं. काही ठिकाणी कारकून कच्च्या टिपणवहीवरून दोन्हीकडे उतरवायचा, आणि रजिस्टरात नसलेला तपशील नकलेत मिळतो. शिवाय रजिस्टर ओलीने कुजलेलं, उंदरांनी कुरतडलेलं किंवा जळालेलं असेल, तर नकलेशिवाय हातात काहीच उरत नाही.

लग्नाच्या बाबतीत मात्र नकलेवर थांबू नये. २५ मार्च १७५४ पासून लग्नांच्या नोंदीबद्दलचा हार्डविकचा कायदा लागू झाला आणि वधू-वर व साक्षीदारांच्या सह्या रजिस्टरात येऊ लागल्या. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याची फुली. पणज्याच्या पणज्याने स्वतःच्या हाताने मारलेली ती फुली बघायची तर रजिस्टरच उघडावं लागतं, कारण नकलेत सगळं एकाच अक्षरात असतं. १८३७ नंतर तर बऱ्याच पॅरिशनी लग्नांच्या नकला पाठवणंच सोडलं.

१८१३ पासून छापील तक्ते आले आणि दोन्ही कागद ओळखणं अवघड झालं. खूण अशी: रजिस्टरात नोंदींना ओळीने क्रमांक असतात आणि पाद्री बदलला की सही बदलते, नकलेत अक्षर एकसारखं, आणि शेवटी पाद्री व चर्चवॉर्डन (चर्चचे गावातले कारभारी) यांनी खरी नक्कल असल्याचं लिहून दिलेलं.

तारखांचा फास दोन्हींत आहे. १७५२ पूर्वी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. लग्न मे १७०२ चं आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७०२ चा दिसला, तर कुजबूज करायचं कारण नाही. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७०३ चा, म्हणजे लग्नानंतर नऊ महिन्यांचा. नकलेचे ताव बहुधा वर्षागणिक सुटे असल्याने डोक्यावरचा एकच आकडा वाचून चूक होते.

सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीच्या आणि त्यानंतरच्या काळात बिशपच राहिले नव्हते, त्यामुळे १६४० च्या दशकापासून १६६० पर्यंत नकला जवळजवळ मिळत नाहीत. रजिस्टरंही तेव्हा विस्कळीतच. शोधायची जागाही वेगळी असू शकते. रजिस्टरं सहसा काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अभिलेखागारात, नकला डायोसीसच्या, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या, दप्तरात. यॉर्कच्या नकला तिथल्या विद्यापीठाच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. डायोसीसची हद्द काउंटीच्या हद्दीशी जुळेलच असं नाही, म्हणून सीमेवरच्या खेड्यासाठी दोन ठिकाणची दप्तरं पालथी घालावी लागतात.

हाच नमुना कंपनी सरकारने इकडेही चालवला. मुंबई इलाख्यातल्या चर्चांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन/३’ या क्रमांकाखाली आहेत. पुण्याच्या छावणीत लग्न झालेल्या गोऱ्या शिपायाचा वंशज ऑनलाइन जे बघतो ती बहुधा ही नक्कल. सह्यांची वही इथल्या चर्चकडे राहिलेली.